भिंतीपलीकडचा ठेका

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं मागे टाकून सुकेळी खिंड उतरलं की खांब लागतं, मग पुई, मग कोलाड. गणपतीत चाकरमानी आले की या पट्ट्यात रात्री पत्त्यांचे डाव रंगतात. मोठ्यांचा मेंढीकोट, सगळ्यांचा झब्बू, पोरांचा गुलामचोर. जागरणाला पत्त्यांएवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

या डावांना पार्श्वसंगीत मुद्दाम कुणी लावत नाही, ते असतंच. शेजारच्या घरात भजनी मंडळ बसलेलं असतं, भिंतीपलीकडून मृदंग-टाळ येतात, पत्र्यावर भाद्रपदाची सर वाजते, खिंड चढणारा ट्रक गिअर बदलतो. डाव त्याने बिघडत नाही, उलट चढतो. दिवाळीत तीच मंडळी पुन्हा जमतात. पाऊस गेलेला, भजन नाही. मग कुणीतरी हौशी भाचा ब्लूटूथ स्पीकर सतरंजीच्या मध्यावर ठेवून रिमिक्स लावतो आणि अर्ध्या तासात सगळे ओरडून बोलू लागतात.

याला कारण आहे. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, हे एत्येन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने 1911 साली नोंदवलं. त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. आपण ओरडतो म्हणून गाणं ऐकू येत नाही, गाणं ऐकू येत नाही म्हणून भाचा ते आणखी वाढवतो.

दुसरी अडचण शब्दांची. मेंढीकोटात चारपैकी किती मेंढ्या, म्हणजे दश्श्या, गेल्या, हुकूम किती उरले, हे मनात धरून ठेवावं लागतं. कानावर पडणारे शब्द, नको असले तरी, मनातल्या या उजळणीत घुसतात. मानसशास्त्राच्या प्रयोगांत हे वारंवार दिसलं आहे. मग शेजारचं भजन कसं चालतं? भिंत खर्जातले आवाज बऱ्यापैकी जाऊ देते आणि वरच्या पट्टीतले अडवते. शब्द ओळखू येतात ते ‘स’, ‘त’, ‘क’सारख्या व्यंजनांमुळे, आणि त्यांची धार वरच्या पट्टीतच असते. ती भिंतीत जिरते. आपल्यापर्यंत पोचतो तो ठेका.

तेव्हा माझ्या मते सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे भिंतीची नक्कल. स्पीकर खेळाच्या खोलीत ठेवूच नका. माजघरात किंवा पडवीत ठेवा आणि दार किलकिलं करा. स्लॅबच्या नव्या घरात फरशी आणि कोऱ्या भिंतींमुळे आवाज घुमतो. तिथे जाड सतरंजी, पडदे, चार गाद्या एवढ्यानेही फरक पडतो. कौलारू घरात ही कटकट कमी, कौलांच्या फटींतून आवाज निघून जातो.

लावायचं काय? शब्द नसलेलं काहीही. 1967 सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका मला यासाठी आवडते. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, आणि काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत. ती वातावरण उभं करायलाच बांधलेली आहे. अट्टल रसिक म्हणतील, असं संगीत पत्त्यांमागे लावणं हा गुन्हा. असेल. निदान शेवटचे हात खेळताना ते बंद करा. पान आपटल्याचा आवाज त्या वेळी पुरेसा असतो.

मंगळागौरीचं गणित मात्र उलटं. श्रावणातल्या त्या जागरणात झिम्मा, पिंगा, फुगडी, सूप नाचवणं, सगळ्याचा ताल टाळ्यांचा, पावलांचा आणि फुगडीच्या पकव्याचा. तिथे आवाज खेळामागे नसतो, तोच खेळ असतो. हल्ली काही ठिकाणी तयार ट्रॅक लावतात आणि खेळणाऱ्यांना यंत्राच्या लयीमागे धावावं लागतं. हा बदल मला मुळीच पटत नाही.

आता शेजाऱ्यांचं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6, आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा 45 डेसिबल. मोजायचं यंत्र नसलं तरी अडत नाही. दहा वाजले की एकाने अंगणात जाऊन उभं राहावं. गाणं कोणतं हे तिथून ओळखू आलं, तर आवाज कमी करा.