मुली खोटे बोलल्या, पण फास कोणी आवळला? ‘द क्रुसिबल’ नाटकातील दोषाचा प्रश्न

आर्थर मिलर या अमेरिकन नाटककाराचे ‘द क्रुसिबल’ हे नाटक जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या आपल्यातील अनेकांनी ते अभ्यासाला म्हणून वाचलेही असेल. नाटकाला आधार खऱ्या घटनांचा आहे. १६९२ साली, मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत असताना, तेथील सेलम गावी आणि आसपास चेटूक केल्याच्या आरोपाखाली दीडशेहून अधिक लोकांना पकडण्यात आले. १९ जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने खटला चालवून घेण्यासच नकार दिला, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्याला मारले. आणखी काही जण तुरुंगातच मेले.

या उन्मादाला जबाबदार कोण, असे विचारले की बहुतेक जण पटकन एक नाव घेतात: अ‍ॅबिगेल विल्यम्स. ती खोटारडी, सूडाने पेटलेली, विवाहित जॉन प्रॉक्टरच्या मागे लागलेली मुलगी. परीक्षेत हे उत्तर खपून जाते. पण नाटक नीट वाचले तर ते अपुरे वाटते.

पहिल्या अंकातील एकच प्रसंग पाहू. पाद्री पॅरिसची मुलगी अंथरुणाला खिळली आहे. आदल्या रात्री रानात मुली नाचत होत्या, हे पॅरिसने पाहिले आहे. आता कोणावर तरी आळ यायलाच हवा, आणि तो येतो टिटुबावर. टिटुबा ही पॅरिसच्या घरातील गुलाम स्त्री. अ‍ॅबिगेल स्वतःची कातडी वाचवायला तिच्याकडे बोट दाखवते, हे खरे. पण पुढे काय होते? कबूल कर, नाहीतर मरेपर्यंत चाबकाने फोडतो, असे पॅरिस धमकावतो. हिला फाशीच द्या, असे जमीनदार पटनम म्हणतो. बाहेरगावाहून बोलावलेला विद्वान पाद्री हेल तिला गोड बोलून विचारतो की सैतानाबरोबर आणखी कोण होते. टिटुबाला नाव सुचत नाही, तेव्हा पटनमच दोन नावे पुढे करतो: सारा गुड आणि ऑस्बर्न. पहिली भीक मागून जगणारी. दुसरी पटनमच्या बायकोची सुईण, आणि त्या घरातील सात बाळे दगावलेली. थोड्याच वेळात तीच दोन नावे टिटुबाच्या तोंडून बाहेर पडतात.

म्हणजे नावे ठरवली प्रतिष्ठितांनी आणि वदवून घेतली गुलाम बाईकडून. अ‍ॅबिगेल हे सगळे पाहत उभी आहे. कबूल करणारीला माया मिळते, नाव घेणारीवर विश्वास बसतो, हे ती मोठ्या माणसांकडूनच शिकते. मग तीही ओरडू लागते. खोटे तिचे आहे, त्यात शंका नाही. पण त्या खोट्याला किंमत दिली ती तिच्या वडीलधाऱ्यांनी.

त्यानंतर येते न्यायालय, आणि माझ्या मते खरा दोष इथे आहे. न्यायाधीश डॅनफर्थचे म्हणणे असे: चेटूक हा न दिसणारा गुन्हा, त्याला साक्षीदार दोनच, चेटकीण आणि तिने छळलेली व्यक्ती. चेटकीण काही स्वतःविरुद्ध बोलणार नाही, म्हणून छळ झालेल्या मुलींचेच खरे मानायचे. या तर्कात एकदा शिरले की बाहेर पडायला वाट नाही. गुन्हा नाकारणारा फासावर जातो आणि कबूल करणारा जगतो. निर्दोष माणसाला जगायचे असेल तर त्याने खोटे बोलायचे, आणि ते खोटे पटावे म्हणून दुसऱ्याचे नाव द्यायचे.

तिसऱ्या अंकात फ्रान्सिस नर्स ९१ लोकांच्या सह्यांचा कागद आणतो. आरोप झालेल्या स्त्रिया भल्या आहेत, एवढेच त्यावर लिहिलेले. डॅनफर्थ त्या ९१ जणांनाच चौकशीसाठी पकडायचा हुकूम देतो! पुढे अ‍ॅबिगेल मामाचे पैसे चोरून पळून जाते, तेव्हाही तो फाशी पुढे ढकलत नाही. आधी १२ जणांना फाशी दिली आहे, आता थांबलो तर ते चुकीचे ठरेल, ही त्याची अडचण. त्याला मुलींचा पुळका नाही, न्यायालयाची अब्रू राखायची आहे.

मिलरने स्वतःच प्रेक्षकाची दिशाभूल थोडी केली आहे, असेही म्हणावे लागेल. खरी अ‍ॅबिगेल ११-१२ वर्षांची होती आणि खरा प्रॉक्टर साठीचा. त्यांच्यात संबंध असल्याचा कोणताही पुरावा नाही. मिलरने तिचे वय १७ केले, त्याला तिशीत आणले आणि मत्सराची कथा रचली. नाट्य वाढले, पण जमिनीचे तंटे आणि धर्मसत्तेचा धाक मागे पडून एका पोरीचा सूड पुढे आला. बायकांच्या माथी खापर फोडायला प्रेक्षक तयारच असतो.

मिलरच्या मनात मात्र त्याचा स्वतःचा काळ होता. सिनेटर मॅकार्थीच्या त्या दिवसांत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांना संसदीय समितीपुढे उभे करून इतरांची नावे मागितली जात. १९५६ मध्ये मिलरलाही बोलावले. त्याने नावे दिली नाहीत. १९५७ मध्ये तो त्यासाठी दोषी ठरला आणि १९५८ मध्ये वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

सेलमचा उन्माद थांबला कसा, हे पाहिले की दोष कोणाचा ते आणखी स्पष्ट होते. मुलींना काही उपरती झाली नव्हती. आरोप बड्या घरांपर्यंत पोहोचू लागले, तेव्हा ऑक्टोबर १६९२ मध्ये गव्हर्नर फिप्सने ते विशेष न्यायालय बरखास्त केले. ‘अमक्याची छाया येऊन मला छळते’ ही साक्ष नव्या न्यायालयाने पुरावा मानली नाही, आणि १६९३ मध्ये बहुतेक आरोपी सुटले. लोक तेच, श्रद्धा त्याच, भीतीही तीच. बदलला तो पुराव्याचा नियम.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आलेल्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याकडे या नजरेने पाहावे. एखाद्या बाईला करणी करणारी ठरवून छळणे, हाच तिथे गुन्हा आहे. सेलममध्ये कायदा बोट दाखवणाऱ्याच्या बाजूने उभा होता.

माफी कोणी मागितली, तेही नोंदले गेले आहे. न्यायाधीश सॅम्युएल सीवॉलने १६९७ मध्ये चर्चमध्ये सर्वांसमोर उभे राहून दोष पत्करला. आरोप करणाऱ्या मुलींपैकी अ‍ॅन पटनमने १७०६ मध्ये क्षमा मागितली, खटल्यांच्या वेळी ती १२ वर्षांची होती. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन याने कधीच माफी मागितली नाही. पुढे तो वसाहतीचा हंगामी गव्हर्नरही झाला. दोषी ठरलेल्यांपैकी एलिझाबेथ जॉन्सन हिचे नाव मात्र यादीत तसेच राहून गेले होते. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने ते २०२२ मध्ये निर्दोष ठरवले, तेही आठवीच्या विद्यार्थ्यांनी पाठपुरावा केला म्हणून.