जगज्जेता, पण कुठल्या देशाचा?

थायलंडचा बॉक्सर खाओसाय गॅलेक्सी १९८४ ते १९९१ अशी सात वर्षे आपल्या वजनगटाचा जगज्जेता होता. या काळात त्याने विजेतेपद १९ वेळा राखले. त्यांपैकी १६ लढती त्याने नॉकआउटने जिंकल्या. पट्टा कमरेला असतानाच तो निवृत्त झाला. त्याच दशकात अमेरिकेचा माइक टायसन हेवीवेट गटात उदयाला आला. बॉक्सिंगची एकही लढत न पाहिलेल्या मराठी माणसालाही टायसन ठाऊक असतो. गॅलेक्सीचे नाव आशियाबाहेर फक्त दर्दींना माहीत. वजनगटाचा फरक आहेच. धिप्पाड माणसांच्या लढतीला गर्दी जास्त होते, हे खरे. पण गॅलेक्सी व्यावसायिक कारकिर्दीत अमेरिकेत एकदाही लढला नाही, आणि बॉक्सिंगमधली कीर्ती त्या काळी बव्हंशी अमेरिकेतच छापली जात होती.

व्यावसायिक बॉक्सिंगला क्रिकेट किंवा फुटबॉलसारखी लीग नाही, ठरलेले वेळापत्रक नाही, सर्वांना मान्य असा एकच विश्वचषकही नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संघटना प्रत्येक वजनगटात आपापला जगज्जेता जाहीर करतात. एकाच गटात चार-चार जगज्जेते असले की खरा कोण, हे नुसत्या पट्ट्यावरून ठरत नाही. ते ठरवतात पत्रकार, वाहिन्या आणि तिकीट काढणारे लोक. न्यूयॉर्कमध्ये १९२२ साली सुरू झालेल्या ‘द रिंग’ मासिकाच्या क्रमवारीला म्हणूनच एवढे वजन आले. दुसरे असे की, इथे बॉक्सरला स्वतःचा प्रेक्षक स्वतःच आणावा लागतो. जो हॉल भरवतो त्याला मोठी लढत मिळते, मोठ्या लढतीतून नाव होते. आणि हॉल भरवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे झेंडा.

हे मेक्सिकोइतके कुणाला साधलेले नाही. २० फेब्रुवारी १९९३ रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर हुलिओ सेसार चावेझ आणि अमेरिकेचा ग्रेग हॉगन यांची लढत झाली. चावेझने आजवर हरवलेले बॉक्सर म्हणजे तिहुआनाचे टॅक्सीवाले, असे हॉगन आधी बोलून बसला होता. तिकिटाला पैसे असलेले एवढे मेक्सिकन आहेत तरी कुठे, अशी मल्लिनाथीही त्याने केली. उत्तरादाखल १ लाख ३० हजारांहून जास्त लोक आले. पाचव्या फेरीत लढत थांबवावी लागली आणि ते टॅक्सीवाले फारच दणकट असले पाहिजेत, अशी कबुली हॉगनने देऊन टाकली. चावेझ थोर बॉक्सर होताच, पण त्या रात्री स्टेडियम भरले ते त्याच्या डाव्या हाताच्या ठोशापेक्षा हॉगनच्या टोमण्याने.

सीमेपलीकडे अमेरिकेत राहणारे कोट्यवधी मेक्सिकन वंशाचे लोक हा या खेळाचा पक्का ग्राहक आहे. लास व्हेगासमधल्या बड्या लढती मे महिन्यातल्या ‘सिंको दे मायो’च्या आणि सप्टेंबरमधल्या मेक्सिकन स्वातंत्र्यदिनाच्या शनिवारी ठेवल्या जातात, त्या उगाच नव्हे. ‘कनेलो’ अल्वारेझची कारकीर्द या दोन तारखांच्या आधारानेच उभी राहिली. कझाकस्तानच्या गेनाडी गोलोवकिनकडे असा समाज नव्हता. अथेन्स ऑलिंपिकचे रौप्यपदक आणि २०१० पासून जगज्जेतेपद असूनही अमेरिकी प्रेक्षकाला तो अनोळखीच होता. मग त्याचा प्रशिक्षक आबेल सांचेझ याने त्याच्या चाल करून जाणाऱ्या लढण्याला ‘मेक्सिकन शैली’ असे नाव दिले. ती मात्रा लागू पडली आणि कॅलिफोर्नियातले मेक्सिकन प्रेक्षक या कझाक बॉक्सरच्या नावाने ओरडू लागले. सप्टेंबर २०१७ मध्ये गाठ खऱ्याखुऱ्या मेक्सिकनशी, म्हणजे कनेलोशी पडली, तीही मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी. लढत बरोबरीत सुटली. एका पंचाने कनेलोला ११८-११० असे गुण दिले, त्यावर भरपूर टीका झाली. उसन्या राष्ट्रीयत्वाची मर्यादा त्या दिवशी दिसली.

पासपोर्ट आणि आपलेपणा यांचा मेळ बसतोच असेही नाही. ऑस्कर डे ला होया लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन आईबापांच्या पोटी जन्मला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेसाठी सुवर्णपदक जिंकल्यावर त्याने दोन्ही देशांचे झेंडे हातात घेतले. पण १९९६ मध्ये त्याने वयाने थकलेल्या चावेझला हरवले, तेव्हा अनेक मेक्सिकन चाहत्यांनी त्याला आपला मानायचे नाकारले. लेनॉक्स लुईसचे दुखणे वेगळे. जन्म लंडनचा, आईबाप जमैकाचे, वाढला कॅनडात आणि १९८८ चे ऑलिंपिक सुवर्णही कॅनडासाठीच. पुढे तो ब्रिटनचा बॉक्सर म्हणून जगज्जेता झाला, पण ब्रिटिश चाहत्यांचा जीव बराच काळ फ्रँक ब्रुनोवर होता. दोघांची लढत १९९३ मध्ये कार्डिफला झाली. लुईसने ती जिंकली, पण लाडका ब्रुनोच राहिला.

युक्रेनच्या क्लिच्को बंधूंनी तिसरी वाट धरली. त्यांनी जर्मनीला घर केले, जर्मन वाहिनीवर ते लोकप्रिय झाले, फुटबॉलची स्टेडियम त्यांच्यासाठी भरू लागली. धाकटा व्लादिमिर २००६ ते २०१५ असा हेवीवेट गटावर राज्य करत होता. तरी २००८ नंतर तो अमेरिकेत लढला तो थेट २०१५ मध्ये. हेवीवेट बॉक्सिंग मेले, असे याच काळात अमेरिकी पत्रकार लिहीत होते. मेले नव्हते, ते जर्मनीला गेले होते. व्लादिमिर सावध आणि म्हणून कंटाळवाणा, ही तक्रार सर्रास होई. ती अगदीच खोटी नव्हती. पण फ्लॉइड मेवेदरही सावधच लढायचा आणि अमेरिकेत त्याच्या लढती विक्रमी पैसा मिळवायच्या. त्याचे बोलणे, श्रीमंतीचे प्रदर्शन, वादावादी हे सारे अमेरिकी प्रेक्षकाच्या भाषेत चालायचे.

आशियाई बॉक्सरांपुढे भाषेखेरीज घड्याळाचीही अडचण असते. टोकियोतली संध्याकाळ म्हणजे न्यूयॉर्कची पहाट. शिवाय त्यांच्यातले बहुतेक कमी वजनाच्या गटांत लढतात आणि त्या गटांना अमेरिकी वाहिन्यांनी कायम दुय्यम मानले. फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ १९९८ मध्येच जगज्जेता झाला होता, पण जगाने त्याची दखल घेतली ती २००१ मध्ये, लास व्हेगासला ऐनवेळी बदली म्हणून उतरून त्याने लेहलो लेडवाबाला हरवल्यावर. त्यानंतर कॅलिफोर्नियातला मोठा फिलिपिनो समाज त्याच्या पाठीशी उभा राहिला. जपानच्या नाओया इनोउएला असे अमेरिकेवर विसंबावे लागले नाही. जपानची बाजारपेठ श्रीमंत असल्याने तो बहुतेक वेळा घरीच लढत राहिला आणि जून २०२२ मध्ये सायतामात नोनितो डोनेरला दोन फेऱ्यांत गारद करून ‘द रिंग’च्या सर्व वजनगटांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. जपानी बॉक्सरला हा मान प्रथमच मिळाला. म्हणजे प्रश्न केवळ देशाचा नाही, देशाच्या खिशाचाही आहे.

उशिरा आलेली दखल न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्पष्ट दिसते. दक्षिण कोरियाच्या यू म्युंग-वूने विजेतेपद सलग १७ वेळा राखले होते. तो १९९३ मध्ये निवृत्त झाला आणि तिथे त्याचा समावेश झाला २०१३ मध्ये. निवृत्तीनंतर पाचच वर्षांत पात्र होण्याचा तेव्हाचा नियम अमेरिकी नामवंतांच्या बाबतीत सहसा लगेच फळाला येत असे.

भारतातही गणित राष्ट्राचेच, फक्त नाणे वेगळे. इथे बॉक्सर ओळखला जातो तो ऑलिंपिक पदकाने. मणिपूरच्या मेरी कोमने २०१० पर्यंत पाच जागतिक विजेतेपदे जिंकली होती, पण घरोघरी ती पोहोचली २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकानंतर; महिलांचे बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलेच त्या वर्षी. ईशान्य भारताविषयी बाकीच्या देशाला असलेल्या अनास्थेचाही त्यात वाटा होता. विजेंदर सिंगला बीजिंगच्या कांस्यपदकाने २००८ मध्येच तारा केले आणि २०१५ मध्ये तो मँचेस्टरला व्यावसायिक बॉक्सर म्हणून उतरला तो याच पुण्याईवर. १९८० मध्ये दिल्लीत मुहम्मद अलीसमोर प्रदर्शनीय लढतीत उभा राहिलेला पंजाबचा कौर सिंग मात्र नंतर अनेक वर्षे विस्मृतीत होता. १९८२ च्या आशियाई सुवर्णपदकाचीही त्याला फारशी मदत झाली नाही.

गेल्या काही वर्षांत पैशाचे केंद्र सौदी अरेबियाकडे सरकले आहे. डे ला होयाच्या कंपनीकडे असलेले ‘द रिंग’ २०२४ मध्ये सौदी अधिकारी तुर्की अलालशेख यांनी विकत घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकने रियाधमध्ये ब्रिटनच्या टायसन फ्युरीला हरवून हेवीवेटचे चारही पट्टे मिळवले. क्लिच्कोच्या देशबांधवाला या वेळी जर्मनीचा आसरा लागला नाही. लढत रियाधची असली तरी पहिली घंटा वाजली तेव्हा तिथे मध्यरात्र उलटून गेली होती. लंडनमध्ये शनिवारची रात्र अजून सरायची होती आणि न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळ.