कुलूप चाकाला, सायकल चोराला!

प्रतिनिधी

रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुलूप लावून ठेवलेली सायकल सकाळी जागेवर नसते. किल्ली मात्र घरातल्या खुंटीवर तशीच असते. शहरांतील अनेक कुटुंबांना हा अनुभव येतो. मोटारसायकल चोरीला गेली, की घरचे तडक पोलिस ठाणे गाठतात. सायकल गेली, की ‘सायकलच तर होती’ असे म्हणून विषय मिटवला जातो. परंतु, त्याच सायकलवर कुणाची शाळा, कुणाची दुधाची किंवा वृत्तपत्रांची लाइन, तर कुणाची रात्रपाळीची नोकरी अवलंबून असते. थोडी दक्षता घेतली, तर ही हानी बऱ्याच अंशी टाळता येते.

उचलली की गेली

बहुतेक सायकलींच्या मागील चाकाला गोल कुलूप बसविलेले असते. त्याची दांडी आऱ्यांमधून जाते आणि चाक फिरणे थांबते. म्हणजेच, हे कुलूप चाकाला असते. सायकल मात्र मोकळीच राहते. मागील चाक उचलून पुढच्या चाकावर ती ढकलत नेता येते किंवा सरळ टेम्पोत टाकता येते. पाच-दहा मिनिटे दुकानात जायचे असेल, तर असे कुलूप उपयोगी पडते. रात्रभर किंवा दिवसभर सायकल ठेवायची असल्यास ती जमिनीत पक्क्या रोवलेल्या वस्तूला बांधणे, हाच खरा उपाय आहे.

कुलूप कोणते घ्यावे?

प्लॅस्टिकचे आवरण असलेली तारेची कुलपे स्वस्त आणि हलकी असतात. पण बारीक तार साध्या कटरने तुटते. आकडे जुळवून उघडणाऱ्या कुलपाला तीनच चकत्या असतील, तर एकूण जुळण्या हजारच होतात. प्रत्येक जुळणीला दोन सेकंद धरले, तरी सर्व जुळण्या तपासायला सुमारे ३३ मिनिटे पुरतात. कठीण पोलादाची जाड साखळी किंवा इंग्रजी ‘यू’च्या आकाराचे कुलूप अधिक भरवशाचे असते.

मात्र, महाग कुलूप म्हणजे अभेद्य कुलूप नव्हे. गोल किल्लीची काही नामांकित ‘यू’ कुलपे साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात, हे २००४ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले होते. त्यामुळे शक्य असल्यास दोन वेगळ्या प्रकारची कुलपे लावावीत. चोराला मग दोन वेगळी हत्यारे आणि दुप्पट वेळ लागतो.

बांधण्याची पद्धत

कुलूप मागचे चाक, सायकलची फ्रेम आणि पक्का खांब या तिघांना एकत्र धरणारे असावे. पुढचे चाक खटक्याने निघणारे असल्यास त्यालाही वेगळी साखळी घालावी. नुसते पुढचे चाक बांधल्यास ते जागेवर ठेवून उरलेली सायकल नेता येते. आखूड खांबावरून कुलपासह सायकल वर काढता येते. म्हणून खांब उंच आणि पक्का निवडावा. कुलूप जमिनीला टेकू देऊ नये, कारण जमिनीचा आधार मिळाल्यास हातोडीचा घाव नेमका बसतो.

ओळख पटवणार कशी?

एके काळी अनेक नगरपालिका सायकलवर कर आकारून बिल्ला देत असत. साध्या सायकलीची आरटीओकडेही नोंदणी होत नाही. साहजिकच, सापडलेली सायकल आपलीच आहे, हे मालकालाच सिद्ध करावे लागते. पॅडलचा दांडा ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या खालच्या बाजूला बहुधा फ्रेम क्रमांक कोरलेला असतो. खरेदीच्या दिवशीच तो टिपून ठेवावा. बिल आणि सायकलची छायाचित्रेही जपावीत. पोलिसांना मिळालेल्या मालाचा मालक कळला नाही, तर न्यायदंडाधिकारी जाहीर सूचना काढून हक्क सांगण्यासाठी सहा महिन्यांची मुदत देऊ शकतात. त्या वेळी हाच क्रमांक कामी येतो.

चोरी झाल्यास तक्रार टाळू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते. ती ई-माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते. नोंदीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते.

हे लक्षात ठेवा

- दोन मिनिटांसाठीही सायकल कुलपाविना सोडू नका.
- आडोशापेक्षा वर्दळीची, उजेडाची जागा निवडा.
- रोज एकाच जागी दिवसभर सायकल ठेवणे शक्यतो टाळा.
- दिवा, पंप, पिशवी काढून सोबत न्या.
- जुनी सायकल घेताना बिल मागा आणि फ्रेम क्रमांक खोडलेला नाही ना, ते पाहा.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. बिलाविना स्वस्तात मिळणारी सायकल घेणारे ग्राहक आहेत, तोवर चोरीच्या सायकलींना बाजार मिळतच राहणार.