'संवाद व्हायला हवा' हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी : इग्बो चळवळीचं उदाहरण



संघर्षावर सिनॉप्सिस लिहिताना शेवटच्या पानावर आपण बहुतेक सगळे एक वाक्य टाकतोच : 'हा प्रश्न संवादातून सुटला पाहिजे.' मीही टाकलं होतं. माझ्या गाईडनी त्याखाली पेन्सिलीने तीन प्रश्न लिहून कागद परत दिला. संवाद कोणाशी? कशाबद्दल? आणि ठरलेलं पाळलं जाईल याची हमी कोणाची?

आज हेच तीन प्रश्न आपण नायजेरियातल्या इग्बो समाजाच्या चळवळीला लावून बघू. माझं मत आधीच सांगतो : इथे संवादाची बाजू भक्कम आहे. पण ती चांगुलपणावर नाही, पुराव्यावर उभी करता येते.

आधी पार्श्वभूमी

नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० ला स्वतंत्र झाला. उत्तरेत हौसा-फुलानी, नैर्ऋत्येला योरुबा आणि आग्नेयेला इग्बो हे तीन मोठे समाज, शिवाय शेकडो छोटे. जानेवारी १९६६ मध्ये लष्करी बंड झालं. पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा आणि उत्तरेचे नेते अहमदू बेल्लो मारले गेले. बंडातले बरेच अधिकारी इग्बो होते, त्यामुळे उत्तरेत ते 'इग्बोंचं बंड' ठरलं. जुलैमध्ये उलट बंड झालं आणि याकुबू गोवन सत्तेवर आले. त्याच वर्षी उत्तरेत इग्बोंच्या हत्या झाल्या आणि लाखो लोक घरदार सोडून पूर्वेकडे परतले.

३० मे १९६७ रोजी पूर्व भागाचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांनी 'बिआफ्रा' हे वेगळं राष्ट्र जाहीर केलं. जुलैमध्ये युद्ध सुरू झालं, ते जानेवारी १९७० मध्ये संपलं. मृतांचे अंदाज साधारण १० लाखांपासून ३० लाखांपर्यंत जातात, आणि त्यातले बहुतेक बळी भुकेचे होते.

इथे एक सावधगिरी. मराठीत आपण पटकन 'फुटीरतावादी' लिहून मोकळे होतो. पण तो शब्द सरकारच्या बाजूचा आहे, आणि 'स्वातंत्र्यसैनिक' हा चळवळीच्या बाजूचा. आपण 'वेगळं होण्याची मागणी' असं साधं लिहावं. शब्दातच निकाल लागला, तर पुढे शोधायचं काय?

पहिला प्रश्न : कशाबद्दल?

तक्रार आणि मागणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वेगळं राष्ट्र ही मागणी झाली. तिच्याखाली तक्रारींचा थर आहे, आणि तो तपासता येतो.

युद्धानंतर गोवन यांनी 'ना कोणी जेता, ना कोणी पराजित' असं जाहीर केलं. प्रत्यक्षात काय झालं? बिआफ्राच्या काळात ज्यांनी बँक खाती वापरली होती, त्यांच्या हातात मूळ रक्कम कितीही असली तरी २० पौंड पडले. १९७२ मध्ये परदेशी कंपन्यांमधला वाटा नायजेरियन नागरिकांना देण्याचा कायदा आला, तेव्हा शेअर घ्यायला इग्बो व्यापाऱ्यांकडे पैसाच नव्हता. पोर्ट हार्कोर्टमधली अनेकांची घरं 'बेवारस मालमत्ता' ठरली. आज देशाच्या सहा विभागांपैकी आग्नेय विभागात ५ राज्यं आहेत. बाकीच्यांत ६, वायव्येत ७. ॲलेक्स एक्वेमे १९७९ ते १९८३ उपराष्ट्राध्यक्ष होते, पण १९७० नंतर एकही इग्बो व्यक्ती राष्ट्रप्रमुख झालेली नाही.

आता बघा. १९९९ च्या राज्यघटनेत देश 'अविभाज्य' आहे, म्हणून सरकार म्हणतं की वेगळं होण्यावर बोलणंच शक्य नाही. ठीक आहे. पण वरच्या यादीतल्या कशावर बोलायला घटना आडवी येते? राज्यांची संख्या, नेमणुका, महसुलाची वाटणी, सगळ्यावर बोलता येतं. मागणी नाकारली म्हणून तक्रार संपत नाही.

दुसरा प्रश्न : कोणाशी?

१९९९ मध्ये राल्फ उवाझुरुइके यांनी 'मॅसॉब' ही संघटना काढली. पुढे न्नामदी कानू यांची 'आयपॉब' पुढे आली. कानू लंडनहून 'रेडिओ बिआफ्रा' चालवायचे, आणि त्यांची भाषा बऱ्याचदा द्वेषाची आणि चिथावणीची होती, हे आपण झाकून ठेवायचं नाही. २०१५ मध्ये त्यांना अटक झाली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अहवालानुसार ऑगस्ट २०१५ ते ऑगस्ट २०१६ या काळात सुरक्षा दलांनी बिआफ्रा समर्थकांपैकी किमान १५० जणांना ठार केलं. २०१७ मध्ये आयपॉबवर बंदी आली. २०२० च्या अखेरीस संघटनेने सशस्त्र गट उभा केला. २०२१ मध्ये कानूंना केनियातून नायजेरियात आणलं गेलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांना जन्मठेप झाली.

या क्रमातून 'दडपशाहीमुळेच हिंसा झाली' असं लगेच लिहू नका. एकामागून एक घडणं म्हणजे कारण नव्हे. पण एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते. ऑगस्ट २०२१ पासून आयपॉबने दर सोमवारी 'घरी बसा' बंद पुकारला. थोड्याच दिवसांत संघटनेने तो अधिकृतपणे मागे घेतला. तरी बाजार, शाळा, बस बंदच राहिल्या, कारण बाहेर पडणाऱ्यावर हल्ला कोण करेल याचा नेम नव्हता. त्या सप्टेंबरमध्ये इमो राज्यातल्या एका शाळेत इंग्रजीच्या बोर्ड परीक्षेचा पेपर चालू असताना हल्लेखोर घुसले आणि मुलांना पेपर सोडून पळावं लागलं.

म्हणजे काय? ज्याच्या शब्दावर बंद थांबेल असा माणूसच उरला नव्हता. संघटना फुटल्या की हिंसा थांबवण्याची ताकद कोणाच्याच हातात राहत नाही. संवाद लांबवण्याची ही खरी किंमत आहे, आणि ती आधी इग्बो मुलंच मोजतात.

शिवाय टेबलावर फक्त दोन खुर्च्या नकोत. बिआफ्राच्या नकाशात इजॉ, इबिबिओ, एफिक असे समाजही येतात, आणि तेलाचा मोठा भाग त्यांच्या किनाऱ्याकडे आहे. १९६७ मध्येही त्यातल्या अनेकांना इग्बो बहुमताखाली राहायचं नव्हतं. त्यांना वगळलेला संवाद म्हणजे नव्या भांडणाची सुरुवात.

तिसरा प्रश्न : हमी कोणाची?

संवादाचे विरोधक म्हणतात, 'बोलून बघितलं, झालं काय?' त्यांचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे अबुरी. जानेवारी १९६७ मध्ये घाना देशातल्या अबुरी गावी गोवन आणि ओजुक्वू भेटले. दोन दिवसांत समझोता झाला, आणि पाच महिन्यांत देश तुटला.

पण जवळून वाचा. समझोत्याचा अर्थ दोघांनी घरी जाऊन वेगवेगळा सांगितला. ओजुक्वूंना त्यात जवळपास स्वायत्त प्रदेश दिसले, तर गोवन यांच्या अधिकाऱ्यांना वाटलं की केंद्रच मोडीत निघेल. मार्चच्या वटहुकुमात बरंच काही आलं, पण प्रदेशात आणीबाणी लावायची वाटही ठेवली गेली. अर्थ लावायला तिसरं कोणी नव्हतं. अबुरीत कमी पडली ती हमी.

२०१४ च्या राष्ट्रीय परिषदेचंही तेच. जवळपास ५०० प्रतिनिधी महिनोन्महिने बसले, आग्नेय विभागाला आणखी एक राज्य द्यावं अशी शिफारसही झाली. मग सरकार बदललं आणि अहवाल पडून राहिला. याउलट २००९ मध्ये नायजर डेल्टातल्या सशस्त्र गटांना सरकारने माफी, भत्ता आणि प्रशिक्षण दिलं, आणि तेलवाहिन्यांवरचे हल्ले बरेच कमी झाले. सरकार बोलू शकतं, हे त्यातून दिसलं. पण बंदूक घेतली तरच सरकार ऐकतं, असाही धडा काही जणांनी घेतला असेल. म्हणूनच शांतपणे मागणाऱ्याशी वेळेत बोलणं महत्त्वाचं.

तुमच्यासाठी

आता सिनॉप्सिसमधलं ते वाक्य पुन्हा लिहून बघा. 'संवाद व्हायला हवा' याऐवजी असं : 'अबुरी १९६७ आणि राष्ट्रीय परिषद २०१४ यांतल्या तरतुदी अमलात का आल्या नाहीत?' या प्रश्नाला कागदपत्रं आहेत, तुलना आहे, आणि उत्तर चुकीचं ठरण्याची शक्यताही आहे. म्हणून हा रिसर्च क्वेश्चन झाला.

तुमचा विषय कुठलाही असो, मणिपूर, श्रीलंका किंवा कॅटलोनिया. शेवटच्या पानाखाली आधी स्वतःच पेन्सिलीने ते तीन प्रश्न लिहा आणि मगच गाईडकडे जा.