‘सर्ज’ म्हणजे लाट नव्हे

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका वाचकाने विचारलंय की बातम्यांत ‘स्टॉर्म सर्ज’ला ‘वादळी लाट’ म्हणतात, ते बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. ‘वेव्ह’मध्ये पाणी फारसं पुढे सरकत नाही, सरकतो तो आकार. खोल समुद्रात तरंगणारा नारळ लाटेगणिक वरखाली होतो आणि जवळजवळ जागच्या जागी राहतो. ‘सर्ज’मध्ये मात्र अख्खं पाणीच चाल करून येतं. चक्रीवादळाचा वारा समुद्राला किनाऱ्याकडे रेटतो. शिवाय हवेचा दाब उतरतो. तो एक हेक्टोपास्कलने घटला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं. लाटा असतात त्या या चढलेल्या पाण्यावर. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशात समुद्र कित्येक किलोमीटर आत घुसला, तो असा. लाट आली तशी ओसरेल, असं ऐकणाऱ्याला वाटतं. हे पाणी तासन्‌तास हटत नाही. इशाऱ्यातला चुकीचा शब्द जिवावर बेततो, म्हणून इतका आग्रह.

लॅटिन ‘सुर्गेरे’ म्हणजे उठणे. ‘रिसर्जन्स’, ‘इन्सर्जंट’ आणि ‘सोर्स’सुद्धा याच घराण्यातले. उगम म्हणजे पाणी उठतं ती जागा!

समुद्र आपल्यापासून लांब असला तरी हे उठणं नागपूरने पाहिलंय. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी घरात शिरलं. तिथे लाट नव्हती, लोंढा होता. आपल्याकडे त्याला हा नेमका शब्द आहेच.

‘स्वेल’ची गंमत वेगळी. दूर कुठेतरी वादळ होतं, तिथून निघालेल्या लाटा हजारो किलोमीटर कापून येतात. किनाऱ्यावर वारा पडलेला, आभाळ निरभ्र, आणि समुद्र फुगतो. केरळचे मच्छीमार अशा समुद्राला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था इशाऱ्यातही हाच शब्द वापरते. कोळ्यांचा शब्द शास्त्राने उचलला, याचा मला फार आनंद आहे.

मोठ्या लाटेसाठीचा ‘बिलो’ (billow) आता बहुतेक शिडं, धूर आणि पडद्यांपुरता उरलाय.

मग ‘स्टॉर्म सर्ज’ला काय म्हणावं? कोकणात अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ‘उधाण’ म्हणतात. ते चंद्राचं, हे वाऱ्याचं. म्हणून मी ‘वादळी उधाण’ सुचवतो. रत्नागिरी, मालवण, अलिबागकडच्या वाचकांनो, वादळात चढणाऱ्या या पाण्याला तुमच्या गावचे कोळी काही वेगळं म्हणत असतील, तर तो शब्द गावाच्या नावासह जरूर कळवा.