सफारीचा टर्बो २०७ ला लावावा काय?

अमरावती-अकोला भागात आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल पिकअप गाडीवर पेटते. वरूड-मोर्शीची संत्री, मंडीतला भाजीपाला, बांधकामाच्या सळया, लग्नाचे डेकोरेशन, जे भाडे मिळेल ते घ्यायचे आणि डिझेलचे पैसे वजा जाता उरेल ते घरी द्यायचे. या गाड्यांत टाटाची जुनी २०७ अजूनही दिसते. तिच्या मालकाचे गाऱ्हाणे ठरलेले, "गाडी चढावर लय दम टाकते, भाऊ." मग गॅरेजमध्ये कुणीतरी सांगतो, सफारीचा टर्बो टाकून दे, दोन्ही इंजिने एकाच आईची लेकरे आहेत.

हे सांगणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यापायी गाडी घरी बसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

नाते आहे यात शंका नाही. टेल्को कंपनीने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ साली टाटामोबाईल ही पिकअप आणली. पुढे १९९१ ला सिएरा, १९९२ ला इस्टेट आणि १९९४ ला सुमो आली. या सर्वांत १९४८ सी.सी.चे तेच डिझेल इंजिन होते. मिस्त्री लोक त्याला ४८३ म्हणतात. चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर, असा त्या आकड्याचा साधा अर्थ. साध्या इंजिनाची ताकद पासष्ट अश्वशक्तीच्या मागेपुढे. १९९८ साली सफारी आली, तेव्हा याच १९४८ सी.सी.ला टर्बो आणि इंटरकूलर जोडून ती नव्वदच्या आसपास नेली.

मात्र २०७ डी.आय. ही निराळी. तिचे इंजिन २९५६ सी.सी.चे, ९७ मिलिमीटर बोअरचे, म्हणून ते ४९७. तिचे नाते ४०७ शी आहे, १९४८ सी.सी.च्या सफारीशी नाही. तेव्हा कुणाचेही ऐकण्याआधी आर.सी. बुक उघडून सी.सी. वाचावे. चुकीचे सामान घरात येण्यापेक्षा ते दोन मिनिटांचे काम बरे.

आता टर्बोकडे येऊ. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त गेली की जास्त डिझेल जळते आणि ताकद वाढते. नुसता टर्बो बसवला आणि पंपातून डिझेल वाढवले नाही, तर हाती फारसे काही लागत नाही. डिझेल वाढवले की उष्णता वाढते, आणि खरी गोम तिथेच आहे. टर्बोसाठी बनवलेल्या इंजिनात साधारणतः पिस्टन वेगळे असतात, कॉम्प्रेशन थोडे कमी ठेवलेले असते, पिस्टनला खालून ऑईलचा फवारा मारण्याची सोय असते. साध्या इंजिनात हे नसेल तर आधी हेड गॅस्केट जाते, मग पिस्टन. शिवाय टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याला ब्लॉकमधून ऑईलची नळी द्यावी लागते आणि ते ऑईल आपल्या वजनाने चेंबरमध्ये परत उतरावे म्हणून तिथे जागा करावी लागते. दाबलेली हवा तापते, ती थंड करायला इंटरकूलर लागतो आणि त्याला समोरून वारा लागतो. उन्हाळ्यात आमच्या अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तापलेल्या रेडिएटरच्या मागे कोंबलेला इंटरकूलर कसला थंड करणार! हे सगळे निभले तरी क्लच प्लेट आणि गिअरबॉक्स जुन्याच ताकदीचे राहतात.

म्हणून आमचे मत असे की, टर्बोच्या नादी लागण्याआधी आहे त्या इंजिनाची गेलेली ताकद परत आणावी. कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. ते पडले असेल तर लायनर, पिस्टन, रिंग बदलावेत. नोझल तपासावेत, पंप कॅलिब्रेशनच्या मशीनवर लावून घ्यावा. पंपाचा स्क्रू उघडून "फोर्स" वाढवणारे खूप भेटतात, पण काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, आपल्याच खिशातले. आणि टनभर माल जास्त टाकून पातूरच्या घाटात इंजिनाला शिव्या देण्यात अर्थ नाही. जुन्या सुमोचे १९४८ सी.सी.चे साधे इंजिन वा हेड चांगल्या स्थितीत मिळाले, तर नात्याचा खरा फायदा तिथे होतो. सुमोचे क्राऊन-पिनियन मात्र दातांचे प्रमाण मोजल्याशिवाय घेऊ नये. प्रवासी गाडीचे दात वेगासाठी बसवलेले असतात, ओढ कमी होते.

ताकद वाढली तरी ब्रेक तेच राहतात, ही गोष्ट घरातील बायामाणसांनीही ध्यानी घ्यावी. अमरावती-अकोला रस्ता आता चांगला झाला आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विश्वविक्रम झाला. गाडी पळते, थांबायला मात्र मागते. दीक्षाभूमीला जाताना डाल्यात पोराबाळांना बसवण्याची आपली सवय तर मोडलीच पाहिजे.

राहिला कायदा. आर.सी. बुकात सी.सी., अश्वशक्ती, इंजिन नंबर लिहिलेले असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवले आहे. टर्बोने अश्वशक्ती बदलते, म्हणजे तो यात सापडतो. दरवर्षीच्या फिटनेसला अडचण, आणि अपघात झाला तर विमा कंपनी बोट दाखवायला मोकळी. त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन बदलायचे असेल तर आर.टी.ओ.ची परवानगी घेऊन नवा नंबर बुकात चढवून घेता येतो. महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळ किंवा बँकेचे कर्ज गाडीवर असेल, तर त्यांची लेखी संमती आधी घ्यावी.

भंगार बाजारातून इंजिन उचलताना विकणाऱ्याकडून पक्के बिल, ज्या गाडीतून ते काढले तिच्या आर.सी.ची झेरॉक्स आणि ब्लॉकवरचा नंबर ताडून घ्यावा. नंबर घासलेला दिसला तर कितीही स्वस्त असो, हात लावू नये.