एमजीबीचा गंजलेला तळ बदलताना

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडत होती. एकूण पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. (आपल्याकडे हेक्टरच्या नाकावर दिसतं ते एमजीचं बोधचिन्ह याच घराण्याचं, मालक मात्र आता वेगळे.) इंजिन साधं आणि सुटे भाग आजही सहज मिळतात, त्यामुळे यांत्रिक बिघाडाने ही गाडी सहसा भंगारात जात नाही. तिला संपवतो तो गंज. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात आणि ते खारं पाणी गाडीच्या पोटाखाली सांदीसांदीत जाऊन बसतं.

तळ म्हणजेच सांगाडा

एमजीबीच्या आधीची एमजीए वेगळ्या चासीवर उभी होती आणि तिचा तळ चक्क प्लायवूडचा होता. फळी कुजली की ती काढून दुसरी बसवायची, गाडीला फरक पडत नसे. एमजीबीला वेगळी चासीच नाही. बॉडीचे पत्रे एकमेकांना जोडून जी पेटी तयार होते, तीच गाडीचा भार पेलते. उघड्या गाडीला छताचाही आधार नसतो. त्यामुळे दाराखालच्या दोन सिल, मधला गिअरबॉक्सचा बोगदा आणि त्यांच्यामधला तळ यांच्यावरच सगळी मदार.

सिलही एका पत्र्याची नाही. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांच्या मध्ये उभा पडदा आणि खालून बंद करणारी पट्टी, असे तिचे थर आहेत. तळाची कड आतल्या पत्र्याला जोडलेली असते. म्हणून कडेला गंजलेला तळ दिसला की सिलच्या आतही गंज आहे असंच धरून चालावं. बाहेरची सिल नवी आणि चकचकीत दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून विकलेल्या गाड्या पुष्कळ आहेत.

पाणी येतं कुठून

पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत साचतो आणि दाराच्या पुढच्या खांबाच्या बुडाशी ओला राहतो. विंडस्क्रीनपुढच्या जाळीतून हीटरच्या बाजूला उतरणारं पाणी एका नळीवाटे बाहेर जायला हवं. ती पानांनी तुंबली की पाणी पायांपाशी उतरतं. तिथे गालिच्याखालचं फेल्ट ते आठवडेच्या आठवडे धरून ठेवतं. सीटच्या रुळांखाली लाकडी पट्ट्या आहेत, त्याही ओल सोडत नाहीत. तळ वरून कुजलाय की खालून, हे आधी पाहावं. वरून कुजला असेल तर गळती बंद केल्याशिवाय नवा पत्रा बसवण्यात अर्थ नाही.

कापण्याआधी

वेल्डिंग शिकता येतं. पण बॉडी एकदा वाकली की नव्या जोडांनी ती तशीच कायमची पक्की होते. कामाचा खरा कस इथे लागतो.

सीट, गालिचे, फेल्ट आणि डांबरी थर सगळं बाहेर काढायचं. बॅटरीची जोडणी सोडायची. 1974 पर्यंतच्या गाड्यांत सीटच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि 1967 पर्यंतच्या गाड्यांत अर्थिंग धन टोकाला असतं, हे विसरू नये. तळाखालून पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि बॅटरीची जाड केबल जाते. त्या बाजूला करायच्या आणि टाकी उतरवून लांब ठेवायची. आग विझवायचं साधन हाताशी हवंच.

मग गाडी सपाट जमिनीवर, सस्पेन्शनच्या आधाराजवळ स्टँड लावून उभी करायची. मधोमध जॅक लावला तर पोट वर उचललं जातं. दारं जागेवर ठेवून चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. दाराच्या वरच्या बाजूची फट खालच्यापेक्षा अरुंद असेल, तर गाडी आधीच मध्ये खचली आहे. आधी तिला सरळ करायचं. पुढच्या आणि मागच्या खांबांमध्ये चौकोनी नळीचा आधार घालायचा, तोही आतल्या अंगाला, म्हणजे दार लावून फट पुन्हा तपासता येते. दोन्ही बाजू एकदम कापू नयेत.

किती कापायचं

हातोडीच्या टोकाने ठोकत जावं. पत्रा खणखणीत वाजेपर्यंत मागे सरायचं आणि तिथून कापायचं. भोक पडलेल्या पत्र्यावर फॉस्फोरिक आम्लाचं रसायन फासून काही होत नाही. ते वरवरच्या गंजावर ठीक. फायबर आणि पुट्टीने भोक बुजवणं ही तर शुद्ध फसवणूक. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत सीटबेल्ट किंवा सस्पेन्शनच्या जोडापासून 30 सेंटीमीटरच्या आत पत्रा गंजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास होऊ शकते. 2018 पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची नाही. जबाबदारी मात्र मालकाचीच.

तळ, सिल, पुढची भिंत सगळंच गेलं असेल, तर ठिगळांचा हिशेब सोडून द्यावा. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था 1988 पासून मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवते. महाग आहे, पण अर्धवट कामावर दोनदा खर्च करण्यापेक्षा स्वस्त पडू शकते.

टाके

हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. ग्रिल आणि गेटला वापरतात ते रॉडचं वेल्डिंग इथे भोकं पाडतं. 0.6 मिलिमीटरची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण वापरणारं मिग यंत्र सोयीचं.

कारखान्यात हे पत्रे स्पॉट वेल्डने जोडले होते. ते ठिपके खास ड्रिलने पोखरून जुना पत्रा सोडवायचा. नव्या पत्र्याच्या कडेला पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडायची, दोन्ही पत्रे क्लॅम्पने घट्ट आवळायचे आणि भोकातून खालच्या पत्र्यावर ठिणगी धरून भोक भरून काढायचं. आधी भंगार तुकड्यावर करून बघावं. छिन्नीने उचकटल्यावर जोड सुटता कामा नये, पत्रा फाटला पाहिजे.

लांब सांधा एका दमात ओढला तर पत्रा तापून फुगतो आणि थंड होताना आकसून लाटा धरतो. आधी दोन-तीन सेंटीमीटरवर छोटे टाके, मग एक इथे, एक पार तिकडे, असं करत मधली जागा भरायची. घाई नडते ती इथेच. मधूनमधून दार लावून फटी बघत राहावं.

गंज पुन्हा धरू नये म्हणून

दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे वेल्डिंगआधीच जस्ताचा प्रायमर लावतात. त्याचा धूर वाईट, मास्क लावून आणि हवा खेळती ठेवून काम करावं. जोड घासून झाले की प्रायमर, मग सांध्यांवर सीलर, मग रंग. सिलच्या पोकळीत मेण फवारायचं ते सगळ्यात शेवटी, कारण ते पेट घेतं आणि नंतर तिथे वेल्डिंग करता येत नाही. पाणी बाहेर जायची भोकं सीलर आणि मेणाने बुजली नाहीत ना, हे तार घालून तपासावं. गालिचा परत घालण्याआधी गाडीवर भरपूर पाणी मारून आतला तळ कोरडा राहतो का तेही पाहून घ्यावं.